निरोप धाडला, पण पोहोचला काय?

कलबुरगी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यात करजगी हे गाव आहे. महाराष्ट्राची सीमा येथून दूर नाही. याच तालुक्यातून भीमा वाहते आणि भीमा-अमरजेच्या संगमापाशी आपणां सर्वांस वंदनीय असे गाणगापूर वसले आहे. माणसांनी आखलेली सीमा भीमेला ठाऊक नाही. उजनी धरणातून सोडलेले पाणी सोलापूर जिल्हा ओलांडून याच भागात येते. ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टी आणि वरून आलेले पाणी यांची गाठ पडली, तेव्हा नदीकाठची खेडी पुरात सापडली व माणसे होड्यांतून बाहेर काढावी लागली.

त्या प्रसंगाच्या निमित्ताने एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. संकटाची वार्ता ज्याला आधी कळते, त्याचे कर्तव्य ती सांगितल्याने संपते, की ऐकणाऱ्यास ती उमगल्यावर?

भूकंप सांगून येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या लोकांना कोणीही सावध करू शकले नसते. पुराची गोष्ट निराळी. धरणाचे दरवाजे उघडल्यापासून पाणी खालच्या गावी पोहोचेपर्यंत काही तास हाती असतात. ते तास म्हणजे, ज्याच्यापाशी माहिती आहे त्याच्याकडे असलेली दुसऱ्याची ठेवच होय.

ती ठेव परत करण्याची साधने विज्ञानाने दिली आहेत. २०२३ साली आपल्या देशात मोबाइलवर आपत्तीचा इशारा देण्याच्या नव्या पद्धतीच्या चाचण्या झाल्या. तीत कोणाचा क्रमांक ठाऊक असावा लागत नाही. ठराविक टापूतील मनोऱ्यांवरून निघालेला संदेश तेथील संचांवर एकदमच उमटतो आणि मोठ्याने वाजतो. मनोरेच निकामी झाले, तर हौशी बिनतारी चालक असतात. त्यांचे यंत्र मोटारीच्या बॅटरीवरही चालते. डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर अंदमानातील वार्ता बाहेर पोहोचविण्यास त्यांनी मोठा हातभार लावला होता.

परंतु यंत्र संदेश धाडते. तो पोहोचविणे माणसाच्याच हाती आहे. ज्या म्हातारीपाशी मोबाइल नाही, ज्या यात्रेकरूला कानडी वाचता येत नाही, त्यांच्या लेखी तो संदेश निघालाच नाही. अमुक हजार क्यूसेक पाणी सोडले, हे अधिकाऱ्याचे सत्य झाले. ओढ्यावरची वाट संध्याकाळी बंद होईल, गुरांची दावी सोडा आणि उंचावरच्या शाळेत चला, हे गावकऱ्याच्या उपयोगाचे सत्य.

कोणी म्हणेल, सांगणाऱ्याने तरी किती दारे ठोठवावीत? शिवाय दर खेपेस हाकाटी केली आणि पाणी आलेच नाही, तर पुढे विश्वास कोण ठेवील? हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच खात्री न करता वार्ता पुढे ढकलणे, हाही आम्ही दोषच मानतो. पण एकट्याने सर्व दारे ठोठावता येत नाहीत, म्हणून कर्तव्य संपत नाही. ते वाटून घ्यावे लागते.

येथेच देवस्थानांचा संबंध येतो. पुष्कळ देवळांत ध्वनिक्षेपक असतो, घंटा तर असतेच. आणि कोणत्या घरी कोण वृद्ध एकटे राहते, हे पुजाऱ्यांना व मंडळींना ठाऊक असते. पावसाळ्यापूर्वी अशा घरांची यादी करावी, एक भारित बॅटरी जवळ ठेवावी, अधिकृत इशारा कानडी आणि मराठी या दोन्ही भाषांत वाचून दाखविणारा माणूस नेमावा. याला द्रव्य फारसे लागत नाही. लागते ती आस्था.

निरोप्याचे काम निरोप सांगून संपत नसे. ‘समजले’ असे उत्तर घेऊन तो परतला, म्हणजे संपे. एवढी जुनी रीत या नव्या यंत्रांच्या काळातही आपण सांभाळावी, असे आम्हांस वाटते.