ओट्यावरचा वारसा

पुण्याच्या मंडईला ज्यांचं नाव आहे, त्यांचाच ती बांधायला विरोध होता. जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. भाजीबाजारासाठी भव्य इमारत उभारायचा घाट घातला गेला, तेव्हा एवढा पैसा दगडविटांत घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. इमारत झालीच. 1886 मध्ये ती ‘रे मार्केट’ म्हणून उघडली, आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला फुल्यांचं नाव मिळालं. आज त्या अष्टकोनी मनोऱ्याला कोणी धक्का लावतो म्हटलं, तर निम्मं पुणे भांडायला येईल. एका पिढीची उधळपट्टी पुढच्या पिढ्यांचा वारसा झाली. फुल्यांनी विचारलेला ‘हे कुणासाठी?’ हा प्रश्न मात्र तिथेच राहिला.

वारशासाठी कारभाऱ्यांशी भांडणाऱ्या नागरिकांनाही या प्रश्नापर्यंत पोहोचायला वेळ लागला. न्यूयॉर्कमध्ये 1962 च्या ऑगस्टात काही वास्तुरचनाकार फलक घेऊन पेन स्टेशनच्या दारात उभे राहिले. ही वास्तू सुंदर आहे, पाडू नका, एवढंच त्यांचं मागणं. इमारत रेल्वे कंपनीच्या मालकीची होती आणि तिला अडवणारा कायदाच नव्हता. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात पाडकाम सुरू झालं. त्या हळहळीतून 1965 मध्ये शहराचा वारसा कायदा आला. महापौर रॉबर्ट वॅग्नर यांनी त्यावर सही केली. मालकी तुमची असली तरी वास्तूवर शहराचाही हक्क आहे, हे न्यूयॉर्कमध्ये कागदावर आलं.

कागदावरचं टिकवायलाही भांडावं लागतं. 1975 मध्ये याच कायद्यावरून झालेल्या ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या खटल्यात शहर हरलं. महापौर एब बीम यांची तिजोरी रिकामी होती. अपील करावं की सोडून द्यावं, अशा दुग्ध्यात ते होते. जॅकलिन केनेडी ओनॅसिस यांनी त्यांना पत्र लिहिलं, नागरिकांनी दबाव आणला, आणि अपील झालं. 1978 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शहराच्या बाजूने कौल दिला.

मला मात्र जवळचं वाटतं ते देशाच्या दुसऱ्या टोकाचं, सिअ‍ॅटलचं भांडण. ते भाजीबाजारासाठी होतं. 1907 मध्ये तिथे कांदा इतका महागला की लोक दलालांवर खवळले. नगरसेवक थॉमस रेव्हेल यांनी तोड सुचवली: शेतकऱ्यांनी गाड्या थेट रस्त्यावर आणाव्यात. 17 ऑगस्टला जेमतेम आठ-दहा गाड्या आल्या आणि गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. तोच पाइक प्लेस बाजार. पुढे तो इतका खंगला की साठच्या दशकात महापालिकेने तिथे हॉटेल, कचेऱ्या आणि वाहनतळाची योजना आखली. महापौर वेस उलमन योजनेच्या बाजूने, नगरसेवक बाजूने, जागामालकही बाजूने.

विरोधात उभे राहिले व्हिक्टर स्टाइनब्रुक. हा गृहस्थ जुन्याला कवटाळून बसणारा नव्हे. सिअ‍ॅटलची ओळख बनलेल्या ‘स्पेस नीडल’च्या आराखड्यात त्यांचा हात होता. पण ते चित्रवही घेऊन बाजारात जाऊन बसत आणि माणसं रेखाटत: पाट्या उचलणारी, घासाघीस करणारी, नुसतीच टेकलेली. त्यांचं म्हणणं असं की इमारती साध्याच आहेत, मोडकळीलाही आल्या आहेत. जपायचा आहे तो इथला व्यवहार. तिथल्या कायद्यानुसार सह्या गोळा करून हा प्रश्न थेट मतपेटीत नेता येत होता. 2 नोव्हेंबर 1971 ला मतदान झालं, महापौर हरले, आणि सात एकरांचा बाजार राखला गेला. तिथे भिंतींच्या जोडीने वापरावरही नियम आले: कुठल्या गाळ्यात काय विकायचं, हेही वारशात धरलं गेलं. म्हाताऱ्या, गरीब रहिवाशांसाठी स्वस्त घरं आणि पुढे दवाखानाही त्याच आवारात आला. हरलेल्या उलमननी मग दुरुस्तीसाठी केंद्राचा निधी आणायला हातभार लावला, हेही नोंदवायला हवं. फुल्यांच्या प्रश्नाचं एवढं सरळ उत्तर मला दुसऱ्या कुठल्या वारसा-लढ्यात दिसलेलं नाही.

आपल्याकडे मुंबईत 1995 मध्ये वारसा नियमावली आली. देशातली ही पहिलीच, आणि तिच्यामागे नागरिकांचा रेटा होता. वास्तूंच्या श्रेणी ठरल्या, याद्या झाल्या. त्यामुळे क्रॉफर्ड मार्केटच्या कमानीवरची लॉकवुड किपलिंग यांची शिल्पं सुरक्षित आहेत. त्याच मार्केटात बसणाऱ्या फळवाल्याला मात्र कुठलीच श्रेणी नाही. शिवाय भांडायचं कुणाशी, हाही घोळ आहे. आपला महापौर नगरसेवकांनी निवडलेला, कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, आयुक्त सरकारने नेमलेले. महापौराला मतपेटीतून नमवायची सोय आपल्या नागरिकाला नाही.

मग उरतं काय? वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची बारीक टाइपातली जाहीर सूचना: ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत.’ बहुतेक जण ती वाचत नाहीत. वाचणारे मनोरा, कमान, कौलं यांबद्दल लिहितात. पहाटे मेथीच्या जुड्या बांधून ओट्यावर बसणाऱ्या बाईबद्दल कुणी लिहीत नाही. तुमच्या गावच्या मंडईच्या पुनर्विकासाची सूचना येईल, तेव्हा मुदतीच्या आत दोन ओळी लिहा. पहिली ओळ त्या बाईच्या जागेबद्दल असू द्या.