पैलवान कुठला?

जत्रेच्या फडात पैलवान उतरला की निवेदक गाव सांगतो, तालीम सांगतो, वस्तादाचं नाव सांगतो. वेल्ह्याकडच्या पोराचं गाव तोरण्याच्या नाहीतर राजगडाच्या पायथ्याचं असतं, आणि तालीम बहुधा कात्रजची किंवा पुण्याच्या पेठेतली. भातावर जगणाऱ्या घराला दूध-तूप-बदामाचा खुराक पुरवताना नाकी नऊ येतात. तरी पोराला घाटापलीकडे धाडावंच लागतं, कारण रोज तोडीची जोड तिथंच मिळते.

आयर्लंडच्या हर्लिंगमध्ये असं सहसा होत नाही. काठी-चेंडूचा हा पंधरा-पंधरा जणांचा खेळ. खेळाडू आधी गावच्या क्लबचा, निवड झाली तर काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा. आणि खेळायचे पैसे कुणालाच मिळत नाहीत. हेन्री शेफलिनने किलकेनी काउंटीकडून १० अखिल आयर्लंड विजेतेपदं मिळवली. मार्च २०१५ मध्ये त्याचा गावचा क्लब, बॅलीहेल शॅमरॉक्स, देशात पहिला आला आणि काही दिवसांतच त्याने काउंटीचा निरोप घेतला. पुढे त्याच क्लबचा तो प्रशिक्षक झाला. हेवा वाटावा असं हे आयुष्य आहे. पण किलकेनी हर्लिंगमधली बलाढ्य काउंटी. दुबळ्या काउंटीत तितक्याच गुणाचा मुलगा जन्मला, तर निष्ठेपायी त्याची उमेद अपुरीच राहणार.

आपल्याकडे जिल्ह्याशी नातं इतकं चिवट नाही. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात झाली. सदगीर मुळात अकोल्याचा, म्हणजे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातला. भगूरला घडला म्हणून नाशिकचा. शिवाय दोघेही वस्ताद काका पवारांच्या कात्रजच्या तालमीतले! एकमेकांचे डाव पाठ असलेल्या दोघांना त्या दिवशी दोन जिल्ह्यांच्या नावाने भिडावं लागलं. सदगीर जिंकला आणि त्याने शेळकेलाच खांद्यावर उचलून घेतलं.

निकालात मात्र नाशिक आणि लातूर. कात्रज कुठेच नाही, अकोलेही नाही. स्पर्धेला जिल्ह्याची चौकट लागते, हे खरं; पण ज्या घराने खुराक पुरवला आणि ज्या वस्तादाने अंग घडवलं, त्या दोघांनाही कागदावर जागा नसावी, हे मला खटकतं. निकालपत्रात जिल्ह्यामागे गाव आणि तालीम अशा दोन रकान्यांची भर घालणं अवघड नाही. जत्रेतला निवेदक ते काम एका दमात करतो.

तालमीचं दार मात्र गावाच्या नावावर बंद होऊ नये. उद्या वेल्ह्यातच कात्रजच्या तोडीची तालीम उभी राहिली, तर पाच-दहा वर्षांत तिथे निम्मी पोरं लातूर-सोलापूरची दिसतील. वेल्ह्याच्या पोरांना जोड मिळायची तर ही बाहेरची पोरं तिथे दिसलीच पाहिजेत.