रौप्य श्रेणीतला जगज्जेता

व्हॅलेंटिनो रॉसी १४ नोव्हेंबर २०२१ रोजी वॅलेन्सियाच्या ट्रॅकवर मोटोजीपी या मोटारसायकल स्पर्धेतली शेवटची शर्यत धावला. सव्वीस मोसम, नऊ जगज्जेतेपदे आणि सर्वोच्च गटातले ८९ विजय त्याच्या नावावर होते. त्यानंतर सहा महिनेही उलटले नव्हते, तोच एप्रिल २०२२ मध्ये इमोलाला तो ऑडीच्या जीटी मोटारीत बसला. त्या पहिल्याच शर्यतीत पिटमध्ये येताना तो आपल्याच संघाची जागा ओलांडून पुढे गेला आणि आणखी एक फेरी मारून त्याला परत यावे लागले. पुढे जागतिक सहनशक्ती शर्यतींच्या मालिकेत तो दाखल झाला, तेव्हा चालकांच्या प्लॅटिनम, सुवर्ण, रौप्य आणि कांस्य या प्रतवारीत त्याला रौप्य श्रेणी मिळाली. नऊ वेळचा जगज्जेता कागदोपत्री दुय्यम चालक ठरला, आणि त्याने ते मान्य केले. निवृत्त खेळाडूची हौस म्हणून या गोष्टीकडे बघणे सोपे आहे. इटलीतल्या ताव्हुलिया या त्याच्या गावी तो जी रायडर अकादमी चालवतो, तिच्याकडेही एका श्रीमंत माणसाचे समाजकार्य किंवा धंदा म्हणून बघता येते. मला मात्र या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. रेसरला शिकवण्याची पात्रता त्याच्या विजयांमधून मिळत नाही. येत असलेली गोष्ट एकदा मोडून पुन्हा शिकावी लागण्यातून ती मिळते. म्हणून दुसऱ्या वाहनाच्या शर्यतीत नवशिका होऊन उतरणे आणि पोरांना शिकवणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, असे माझे म्हणणे आहे.

बाइकवरून मोटारीत गेल्यावर नेमके काय बदलते, हे आधी बघावे लागेल. मोटोजीपीच्या बाइकचे किमान वजन १५७ किलो असते. रायडर आणि त्याचा पोशाख मिळून त्यात सत्तर-पंच्याहत्तर किलोंची भर पडते. म्हणजे धावणाऱ्या एकूण वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा हा माणूसच असतो, आणि तो हलता असतो. सरळ रस्त्यावर तो टाकीला चिकटून झोपलेला असतो. ब्रेकचा क्षण आला की छाती वर उचलून वाऱ्याला आडवी धरतो, एक-दोन बोटांनी पुढचा ब्रेक दाबतो, मागचे चाक जमिनीवरून सुटू लागते. मग वळणात शिरताना तो ब्रेक एकदम सोडत नाही, बाइक जसजशी कलत जाते तसतसा थोडाथोडा सैल करतो. कल साठ अंशांपुढे जातो, गुडघा आणि कोपर जमिनीला घासतात. पुढचे टायर किती तग धरेल, हे त्याला हाताच्या पंजांतून कळते. जीटी मोटारीचे वजन तेराशे किलोंच्या घरात. चालक सीटला आवळून बांधलेला असतो आणि त्याच्या शरीराच्या हालचालीने मोटारीचे काहीही बदलत नाही. ब्रेक डाव्या पायाने दाबायचा, तोही सुरुवातीलाच पूर्ण जोराने. टायरची खबर पाठीतून आणि मांड्यांतून येते. शिवाय मोटार एकट्याची नसते. दोन-तीन जण ती आळीपाळीने चालवतात, त्यामुळे सीट, स्टिअरिंग, सस्पेन्शन या सगळ्यात तडजोड आली. पंचवीस वर्षे फक्त आपल्या अंगाला मापून घेतलेल्या यंत्रावर बसलेल्या माणसाला हे किती जड जात असेल! हाताला आणि पायाला आपोआप येणारी गोष्ट इथे चुकीची ठरते. ती का चुकीची ठरते, हे शब्दांत मांडल्याखेरीज पुढे जाता येत नाही. इंजिनिअरला सांगावे लागते, सोबतच्या चालकाला सांगावे लागते. अंगात मुरलेल्या कौशल्याला अशी भाषा मिळणे, हेच प्रशिक्षकाचे भांडवल आहे.

याचा जुना आणि भक्कम पुरावा अमेरिकेत सापडतो. केनी रॉबर्ट्‌स हा कॅलिफोर्नियाचा रेसर मातीच्या लंबगोल ट्रॅकवर वाढला आणि १९७३ व १९७४ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता झाला. मातीवर मागचे चाक सतत घसरत असते आणि थ्रॉटलने ती घसरण ताब्यात ठेवूनच बाइक वळवावी लागते. १९७८ मध्ये तो युरोपात तेव्हाच्या सर्वोच्च, ५०० सीसी गटाच्या जागतिक स्पर्धेसाठी गेला, तेव्हा तिथले बरेचसे ट्रॅक त्याला नवखे होते. तरी पहिल्याच पूर्ण मोसमात तो जगज्जेता झाला, आणि पुढची दोन वर्षेही त्याचीच ठरली. मातीवरचा कोणता धडा डांबरावर चालतो आणि कोणता सोडून द्यावा लागतो, याची निवड त्याला स्वतःलाच करावी लागली. पुढे त्याने आपल्या शेतावर मातीचा ट्रॅक करून तिथे मुलांना शिकवले, ते शंभर सीसीच्या लहानशा बाइकवर. जी बाइक घेऊन मुख्य स्पर्धेत कुणी फिरकणारही नाही, तिच्यावर दिवसभर घसरत राहायचे. यातली युक्ती लक्षात घेण्यासारखी आहे. लहान बाइकवर पडण्याची किंमत कमी, त्यामुळे चूक शंभरदा करून बघता येते, आणि घसरलेल्या चाकाची जाण तीच राहते. याच मार्गाने आलेला वेन रेनी रॉबर्ट्‌सच्या संघातून १९९०, १९९१ आणि १९९२ असा सलग तीनदा ५०० सीसीचा जगज्जेता झाला.

रेनीचे पुढचे आयुष्य या युक्तिवादाला आणखी खोल नेते. ५ सप्टेंबर १९९३ रोजी मिसानोला आघाडीवर असताना तो पडला, पाठीचा कणा मोडला आणि छातीखालचे शरीर कायमचे निकामी झाले. नंतर त्याने व्हीलचेअरवरून यामाहाचा संघ सांभाळला. हाताने चालवण्याजोगी सुपरकार्ट करून घेऊन तो पुन्हा शर्यतीत उतरला, आणि २०१५ पासून अमेरिकेतली राष्ट्रीय सुपरबाइक स्पर्धा नव्याने उभी करणाऱ्यांमध्ये तो अग्रभागी राहिला. बाइक पायांनी, कमरेने आणि मांड्यांनी चालते. ते सगळे गमावलेल्या माणसाने वेगाशी नाते तोडले नाही, वेगळ्या अवयवांनी ते पुन्हा जोडले. अशा माणसाला ‘माजी रेसर’ म्हणणे मला अपुरे वाटते.

रॉसीकडे परत येऊ. त्याच्या शिकवण्याचे खरे मोल ठरवताना त्याच्या विजयांपेक्षा त्याच्या अपयशाकडे बघावे. २०११ आणि २०१२ ही दोन वर्षे तो डुकाटीवर होता आणि एकही शर्यत त्याला जिंकता आली नाही. यामाहाकडे परतल्यावर मार्क मार्केझसारखी नवी पोरे बाइकवरून जवळजवळ पूर्ण बाहेर लोंबकळत वळणे घेत होती. पस्तिशीत आलेल्या रॉसीने आपली बसण्याची पद्धत बदलली, वर्षानुवर्षांचा मुख्य मेकॅनिक बदलला आणि २०१४ च्या मोसमात दुसरे स्थान मिळवले. २०१६ मध्ये त्याने लुका कादालोरा या जुन्या जगज्जेत्याला ट्रॅकच्या कडेला उभे राहून आपल्यावर नजर ठेवायला नेमले. नऊ जगज्जेतेपदांनंतर आपल्याला शिक्षक हवा, असे त्याला वाटले. नेमक्या याच वर्षांत ताव्हुलियाच्या मातीच्या ट्रॅकवर पोरे तयार होत होती. तालमीतला वस्ताद जसा स्वतः आखाड्यात उतरून पोरांशी झोंबतो, तसा रॉसी तिथे त्यांच्याशी शर्यत लावत असे. कधी हरतही असे. त्या पोरांपैकी फ्रांको मोर्बिदेल्ली २०१७ मध्ये आणि फ्रांचेस्को बान्याया २०१८ मध्ये मोटोजीपीच्या लगेच खालच्या मोटो-टू गटाचा विजेता झाला. मग २०२२ मध्ये बान्याया मोटोजीपीचा जगज्जेता झाला, तोही डुकाटीवर. गुरूला ज्या कंपनीच्या बाइकवर एक विजय मिळाला नाही, तिच्यावर शिष्याने ९१ गुणांची पिछाडी भरून काढून किताब घेतला आणि २०२३ मध्ये तो राखला. मधल्या दहा वर्षांत डुकाटीची बाइक पार बदलली होती, हे खरे. तरीही एवढे मान्य करावे लागेल की रॉसीने शिष्याला स्वतःची उत्तरे दिली नाहीत. ती त्या बाइकवर त्याच्याकडे नव्हतीच. त्याने दिली ती शोधण्याची सवय.

नक्कल आणि शिकणे यांतला फरकही रॉसीच्याच एका लकबीतून दिसतो. वळणाआधी जोरात ब्रेक लावताना आतल्या बाजूचा पाय तो पायठाण्यावरून सोडून लोंबता ठेवू लागला आणि काही वर्षांत सगळे रायडर तसे करू लागले. त्याचा नेमका उपयोग काय, तोल की वाऱ्याचा अडसर की निव्वळ मनाचा दिलासा, यावर एकमत नाही. विजेत्याकडून आपोआप झिरपते ते असे: लकब पोहोचते, कारण पोहोचत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की अकादमीने आधीच हुशार असलेली मुले निवडली, मग श्रेय कसले? आक्षेप अर्धा खरा आहे. पण बान्यायाचा जागतिक स्पर्धेतला पहिला मोसम २०१३ चा, आणि सर्वांत खालच्या मोटो-थ्री गटाच्या त्या मोसमात त्याला एकही गुण मिळाला नव्हता. पुढच्या वर्षी तो रॉसीच्या स्वतःच्या मालकीच्या संघात आला. शून्य गुणांच्या मुलात काहीतरी दिसणे, हाही शिकवण्याचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वेगळ्या शर्यतीत उतरल्याने माणूस शहाणा होतोच, याला आधार काय? केसी स्टोनरचे उदाहरण यासाठी पुरेसे बोलके आहे. २००७ आणि २०११ चा हा जगज्जेता वयाच्या २७ व्या वर्षी निवृत्त झाला आणि २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात मोटारींच्या दुय्यम मालिकेत उतरला. तिथे त्याला यश आले नाही आणि एका मोसमानंतर तो थांबला. त्याच्या हातातली जादू इतकी खासगी होती की २००८ मध्ये त्याच डुकाटीवर तो दुसरा आला, तर त्याचा संघसोबती मार्को मेलान्द्री सतरावा. उलट बाजूला जॉन सर्टीस आहे. बाइकवर सात जगज्जेतेपदे जिंकून १९६४ मध्ये फेरारीतून फॉर्म्युला वनचा किताब घेणारा तो आजवरचा एकमेव माणूस. तरी त्याने स्वतःचा संघ काढला, तेव्हा त्या संघाला फॉर्म्युला वनमध्ये जागतिक मालिकेची एकही शर्यत जिंकता आली नाही. या दोघांमुळे माझे विधान मला आवरते घ्यावे लागते. नवे वाहन हाती घेतले म्हणून कुणी शिक्षक होत नाही. पटकन जमणे हेसुद्धा पुरेसे नाही, कदाचित ते आडच येते. जमत नसताना टिकून राहणे, आणि का जमत नाही ते दुसऱ्याला सांगता येणे, या दोन गोष्टी लागतात. रॉसी २०२२ मध्ये चाचपडला, जुलै २०२३ मध्ये मिसानोला जीटीची शर्यत जिंकला, २०२४ मध्ये इमोलाला जागतिक मालिकेत आपल्या गटात दुसरा आला. हा आलेख उड्या मारत गेलेला नाही, हळूहळू चढलेला आहे, आणि म्हणूनच तो मला महत्त्वाचा वाटतो.

तिसरा आक्षेप स्पेनकडे बोट दाखवतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत स्पेनने रेसर घडवले ते एखाद्या थोर माणसाच्या शेतावर नाही. मुलांच्या स्पर्धा, एकसारख्या बाइक, पायरीपायरीने वर नेणारी रचना यांमुळे हे घडले. व्यवस्था असली की गुरू लागत नाही, असा त्याचा अर्थ काढला जातो. पण त्या व्यवस्थेत कोण उभे होते? आल्बेर्तो पुइच. त्याच्या नावावर ५०० सीसीचा एकच विजय आहे, १९९५ चा, खेरेसचा. त्याच वर्षी ल मान्सला त्याचा पाय असा चिरडला गेला की तो पूर्वीसारखा कधीच झाला नाही. मोडक्या पायाने त्याने आणखी काही काळ शर्यती केल्या. १९९९ मध्ये मुलांसाठी सुरू झालेल्या स्पर्धेतून त्याने दानी पेद्रोसाला उचलले, आणि पेद्रोसा पुढे तीनदा जगज्जेता झाला. पुइच स्वतः कधीच जगज्जेता नव्हता. शरीराने दगा दिल्यावर प्रत्येक हालचाल विचारपूर्वक करावी लागलेला रेसर मात्र तो होता. व्यवस्था हवीच, पण तिच्या दाराशी मुलांना पारखणारा माणूसही लागतो.

पैशाचा आक्षेप मी थोडक्यात उरकतो. रॉसीचा पिवळा ४६ आकडा हा मोठा व्यापार आहे, अकादमीही त्याच कारभाराचा भाग आहे. असू दे. मुलाला बाइक, व्यायाम, इंग्रजी आणि करार वाचून दाखवणारा माणूस एका छताखाली मिळत असेल, तर त्यामागे व्यापार असण्याने त्याची किंमत कमी होत नाही.

भारताशी या साऱ्याचा संबंध दुरून जोडायची गरज नाही. २४ सप्टेंबर २०२३ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची भारतातली पहिली शर्यत झाली. ती जिंकली मार्को बेत्सेक्कीने, म्हणजे ताव्हुलियाच्याच विद्यार्थ्याने, रॉसीच्याच संघाकडून. आपल्याकडे त्या शर्यतीची चर्चा तिकिटे, रस्ते आणि पाहुणे यांवर अधिक झाली. विजेता कुठल्या मातीवर तयार झाला, हे फार कुणी विचारले नाही. खरे तर आपल्याकडेही तशी माती आहे. मोटोक्रॉसमधून आलेला सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, ३६ वा आला. मोटोक्रॉसमध्ये आखलेला, तोच तो मार्ग असतो. डकारमध्ये वाळवंटात बाइक पळवता पळवता रोडबुकवरच्या खुणा वाचून वाट शोधावी लागते. तीही पुन्हा शिकण्याचीच गोष्ट, आणि कोलारजवळ त्याने मातीवरच्या रायडिंगचे केंद्र उभारले. चाकणला केटीएमच्या बाइक बनतात, त्या घेऊन डोंगरवाटांना लागणारी मुले महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्यांना शिकवायला माणूस नेमताना कंपन्या आणि क्रीडासंस्था उमेदवाराच्या कपाटातल्या ट्रॉफ्या मोजतात. त्याऐवजी त्याला विचारावे की अलीकडे तू कशात नवशिका होतास, किती दिवस तुला ते जमले नाही, आणि जमले तेव्हा नेमके काय बदलले होते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला सविस्तर देता येईल, त्याच्या हाती मुले सोपवावीत, आणि दुसऱ्या कुठल्या शर्यतीत उतरण्यासाठी त्याने रजा मागितली तर ती पगारी द्यावी.