कच्चं मडकं म्हणणारा हवा

देवाचं गाणं गाणाऱ्याचं स्वतःचं नाव मोठं होऊ लागलं, की त्याच्या श्रद्धेचं काय होतं? अमेरिकेतल्या ख्रिस्ती मेटल संगीताने हा प्रश्न गेल्या चाळीस वर्षांत फार कठोरपणे समोर आणला. कॅलिफोर्नियाचा ‘स्ट्रायपर’ हा बँड पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे कपडे घालून गायचा आणि श्रोत्यांमध्ये बायबलच्या प्रती फेकायचा. १९८६चा त्यांचा अल्बम दहा लाखांवर खपला. १९९०च्या अल्बममधून पट्टे गेले, उघड धार्मिक शब्दही गेले. १९९२मध्ये मुख्य गायक बाहेर पडला. पुढच्या पिढीतली गोष्ट याहून काळी आहे. ‘ॲज आय ले डाइंग’ या बँडचा गायक टिम लॅम्बेसिस याने पत्नीच्या खुनाची सुपारी देऊ पाहिली. २०१४मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. ख्रिस्ती बँडचा गायक म्हणून मंचावर उभा असतानाच आपली श्रद्धा संपली होती, हे त्याने त्याच वर्षी मुलाखतीत सांगितलं. गुन्ह्याची जबाबदारी सर्वस्वी त्याचीच. पण श्रद्धा गेल्यावरही ती आहे असं दाखवत गात राहावं लागणं, हा प्रश्न एकट्या त्याचा नाही.

नांदेडच्या विष्णुपुरीत विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. इथल्या वसतिगृहात हेडफोन लावून मेटल ऐकणाऱ्या मुलाच्या गावी दरवर्षी हरिनाम सप्ताह बसतो. हेडफोनमधलं मेटल आणि गावचा सप्ताह यांचा एकमेकांशी संबंध नाही असं त्याला वाटत असेल, तर त्याला आपल्याच मुलखातली एक जुनी कथा सांगायला हवी.

नामदेवांची विठ्ठलाशी सलगी सर्वांना ठाऊक होती आणि तिचा अभिमान नामदेवांनाही होता. संतांच्या मेळ्यात कुंभार असलेल्या गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं तपासलं, आणि नामदेव कच्चं मडकं ठरले. दुखावलेले नामदेव विठ्ठलाकडे गेले. विठ्ठलाने त्यांची समजूत घातली नाही, गुरू करायला पाठवलं. औंढा नागनाथला पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या विसोबा खेचरांनी त्यांची देवाविषयीची कल्पनाच मोडली. यात आपण बहुधा नामदेवांचं गर्वहरण पाहतो. मला त्याहून मोठी गोष्ट दिसते. नामदेवांचा भ्रम फुटला, पण गाणं थांबलं नाही. भ्रम फुटल्यावर जायला जागा होती. ते गाणं पंजाबपर्यंत गेलं. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि त्याच ग्रंथाला १७०८मध्ये नांदेडला गुरुपद मिळालं. आजही तिथल्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात कीर्तन गाणारा रागी कितीही नामवंत असो, त्याचं आसन ग्रंथसाहिबाच्या खालीच असतं.

सतराव्या शतकात तुकोबांनी हा विचार पुढे नेला. कीर्तन करावं तिथलं अन्न घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, बैलासाठी वैरणही मागू नये, इतका कडक दंडक त्यांनी घातला. पण मला त्यांचं दुसरं धैर्य अधिक मोलाचं वाटतं. देव भेटत नाही ही तगमग, स्वतःच्या मनाविषयीची शंका त्यांनी लपवली नाही, अभंगांतच मांडली. नामदेवांना कच्चेपण दुसऱ्याने दाखवलं होतं. तुकोबांनी ते स्वतः, भर कीर्तनात गायलं.

विसाव्या शतकात दासगणू महाराज आले. आधी ते पोलीस खात्यात होते, लावण्या रचत होते. पुढे त्यांच्या कीर्तनाने महाराष्ट्र गाजवला आणि नांदेड जिल्ह्याच्या उमरी तालुक्यातलं गोरटे त्यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. कोट, उपरणं, फेटा असा थाट करून ते कीर्तनाला निघाले, तेव्हा साईबाबांनी नवरदेवासारखं सजण्याचं कारण विचारलं आणि तो थाट उतरवायला लावला, असं श्रीसाईसच्चरितात आहे. पुढे ते उघड्या अंगाने, गळ्यात हार आणि हातात चिपळ्या घेऊनच उभे राहिले. ज्याच्या कीर्तनाला हजारो जमतात, त्याला अंगरखा उतरव म्हणणारं कुणीतरी होतं.

हा धागा आज विरतो आहे. कीर्तनकाराची तारीख मिळणं ही प्रतिष्ठा झाली, बिदागी आकड्यांत मोजली जाते, कीर्तन संपायच्या आत त्यातला तुकडा मोबाइलवर फिरू लागतो. कीर्तनकारालाही घर चालवायचं असतं, म्हणून बिदागीचा मला राग नाही. मला भीती वाटते ती त्याच्या एकटेपणाची. अमेरिकेतल्या त्या बँडांची रेकॉर्ड कंपनी, दुकानं, चर्चमधले कार्यक्रम हे सगळं गायकाने जाहीर केलेल्या श्रद्धेवर उभं होतं. शंका बोलून दाखवणं म्हणजे सगळ्या ताफ्याची भाकरी घालवणं. माणूस गप्प बसतो, आणि दडपलेली शंका आतल्या आत कुजते. तोच भार आपण आज सप्ताहातल्या तरुण कीर्तनकारावर टाकतो आहोत. त्याने रोज नव्या गावात तितक्याच ठामपणे उभं राहावं, असं आपल्याला वाटतं.

श्रद्धा प्रसिद्धीने मरत नाही. प्रसिद्ध माणसाला कच्चं म्हणणारं कुणी उरलं नाही, की ती मरते. म्हणून गावोगावच्या सप्ताह समित्यांनी एवढं करून पाहावं. बोलावलेल्या कीर्तनकाराला सेवा झाल्याबरोबर गाडीत बसवू नये. एक रात्र ठेवून घ्यावं, दुसऱ्या दिवशीच्या कीर्तनात टाळकऱ्यांच्या ओळीत उभं करावं, गावातल्या जुन्या विणेकऱ्याशी बोलू द्यावं. आणि तो एखाद्या कीर्तनात अडखळला, मला हे अजून उमगलं नाही म्हणाला, तर त्याची पुढच्या वर्षीची तारीख कापू नये. उलट तीच आधी पक्की करावी.