दोन दारे, एक खोली

खेळ ही केवळ मुलांची गोष्ट आहे, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. मोठी माणसे खेळू लागली की आपण त्याला करमणूक म्हणतो, विरंगुळा म्हणतो, फार तर छंद म्हणतो. परंतु त्यात नीतीचा एखादा प्रश्न दडलेला असेल, असे सहसा आपल्या मनात येत नाही. अलीकडे आमच्या परिचयाच्या तरुण मंडळींत एक खेळ रुजू लागला आहे आणि त्याने आमच्यापुढे असाच एक प्रश्न उभा केला आहे. तो वाचकांसमोर मांडावा, त्याच्या दोन्ही बाजू तपासाव्यात आणि अल्प मतीप्रमाणे त्याचे उत्तर द्यावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप थोडक्यात सांगतो. इंग्रजीत त्याला 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होऊन एका काल्पनिक जगाचे वर्णन करतो; बाकीचे त्या जगातील एकेका पात्राची भूमिका घेतात. "समोर जुना किल्ला आहे, दरवाजा अर्धवट उघडा आहे, तुम्ही काय करता?" असे सूत्रधार विचारतो. खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात आणि जेथे यशाची खात्री नसेल तेथे फासे टाकले जातात. आपल्या कोकणातील दशावतारी नट कथानक ठाऊक असताना संवाद जागच्या जागी रचतात. येथे पुढचे कथानकही कोणाला ठाऊक नसते.

अशी जगे छापील स्वरूपात विकत मिळतात. तथापि अनेक सूत्रधारांना आपले जग आपणच घडवावे अशी हौस असते. ते नकाशे काढतात, नद्यांना नावे देतात, राजघराण्यांच्या वंशावळी आणि जुनी वैरे लिहून ठेवतात. आणि हे जग पुरते तयार होण्याआधीच ते चार मित्रांना त्यात उतरवून पाहतात. नवे जग उभे राहते की कोसळते, हे अशा चाचणीतच कळते.

आता आमचा प्रश्न. समजा, एका सूत्रधाराने महिनाभर खपून डाव्या दारामागे एक सुंदर खोली रचली. खेळाडू मात्र उजवे दार उघडतात. उजव्या दारामागे त्याने काहीच रचलेले नाही. तेव्हा तो तीच खोली गुपचूप उजव्या दारामागे सरकवतो. खेळाडूंना काहीच कळत नाही. ते खूश होऊन घरी जातात. त्या सूत्रधाराने काही गैर केले काय?

उत्तर शोधण्यापूर्वी ह्या खेळाचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल, कारण त्याचा जन्मच अपुऱ्या जगांच्या चाचणीतून झालेला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस आणि सेंट पॉल ह्या जोडशहरांत, टेबलावर छोटे सैनिक मांडून जुन्या लढाया खेळणाऱ्यांचा एक गट होता. १९६९ साली त्यांच्यापैकी डेव्हिड वेझली ह्यांनी नेपोलियनच्या काळातले 'ब्राउनस्टाइन' हे काल्पनिक जर्मन गाव योजले आणि सैन्याच्या सेनापतींबरोबरच नगराध्यक्ष, बँकर, विद्यापीठाचा कुलगुरू अशा भूमिकाही मित्रांना वाटून दिल्या. लढाई बाजूलाच राहिली. खेळाडू आपसांत कुजबुजू लागले, कट रचू लागले. दोघांनी तर परस्परांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले आणि त्यासाठी वेझलींपाशी एकही नियम तयार नव्हता. आपला प्रयोग फसला, असे त्यांना वाटले. खेळाडूंनी मात्र पुन्हा असाच खेळ हवा, असा आग्रह धरला. योजना मोडली होती, तरी जग जिवंत होते.

ह्याच गटातील डेव्ह आर्नेसन ह्या तरुणाने १९७१ साली 'ब्लॅकमूर' नावाचे जग सुरू केले. त्यात किल्ला होता, गाव होते आणि किल्ल्याखाली भुयारांचे जाळे होते. त्या जगाच्या चाचणीतील तीन प्रसंग आमच्या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतात.

पहिला प्रसंग पात्रांच्या मरणाचा. आरंभीच्या नियमांनुसार एका घावातच पात्र मरत असे. सैन्याच्या खेळात ते चालून जाते, कारण तेथे एक सैनिक म्हणजे एक संख्या. येथे खेळाडूंचा त्या एका पात्रावर जीव जडला होता. त्यांनी तक्रार केली. आर्नेसनने ती ऐकली आणि जहाजांच्या लढाईच्या आपल्या जुन्या नियमांतून एक कल्पना घेतली: जसे जहाज अनेक तडाखे सोसून मग बुडते, तसे पात्रानेही काही घाव सोसावेत. आज जगभरातील अगणित खेळांत दिसणारे 'हिट पॉइंट' ह्या तक्रारीतून रूढ झाले.

दुसरा प्रसंग ह्याच्या उलट. खेळाडूंना भुयारांतील खजिन्याची अशी चटक लागली की वर किल्ल्याच्या रक्षणाकडे त्यांचे दुर्लक्ष झाले. शत्रूने ब्लॅकमूर जिंकले आणि ह्या वीरांना ग्लूमेन सरोवराच्या प्रदेशात हद्दपार व्हावे लागले. येथे निर्मात्याने माघार घेतली नाही. 'असू द्या, किल्ला वाचला असे समजू' असे म्हणणे सोपे होते. परंतु तसे म्हटले असते तर खेळाडूंच्या निवडीला काही अर्थच उरला नसता.

तिसरा प्रसंग आम्हां धर्मगुरूंना कुतूहलाचा वाटेल. एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू पिशाच्च बनले. 'सर फँग' नावाचे हे पिशाच्च एवढे प्रबळ झाले की इतरांना खेळणे अशक्य होऊ लागले. निर्मात्याला एका शब्दाने त्याचा नाश करता आला असता. त्याऐवजी पिशाच्चाशी सामना करू शकेल अशी धर्मोपदेशकाची एक नवी भूमिका घडवण्यात आली आणि माइक कार ह्या खेळाडूने ती वठवली. 'क्लेरिक' म्हणून पुढे जगभर ओळखल्या गेलेल्या भूमिकेचा हा उगम. एकाचे स्वातंत्र्य इतरांवर जाच करू लागले, तेव्हा ते हिरावून न घेता दुसऱ्या एकाच्या हाती त्याला तोंड देण्याचे बळ दिले गेले.

१९७२ च्या अखेरीस आर्नेसनने विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा येथे जाऊन आपला खेळ गॅरी गायगॅक्स ह्यांना दाखवला. विमा कंपनीतील नोकरी गेल्यावर गायगॅक्स घरीच पादत्राणांची दुरुस्ती करीत असत. त्यांनी 'ग्रेहॉक' नावाचे स्वतःचे जग रचले. त्याचे पहिले परीक्षक होते त्यांची दोन मुले, अर्नी आणि एलिझ. मुलांना पहिला मोठा खजिना सापडला तो तांब्याच्या नाण्यांनी भरलेल्या पेटीचा. ती एवढी जड होती की त्यांना नेता येईना आणि मुले हिरमुसली. पुढे नियमांचा सुमारे पन्नास पानांचा मसुदा स्नेह्यांकडे चाचणीसाठी धाडण्यात आला आणि १९७४ च्या जानेवारीत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' ह्या नावाने एक हजार प्रती निघाल्या. टेबलाभोवतीच्या मंडळींच्या तक्रारी, हट्ट आणि हिरमोड ह्यांतून हा ग्रंथ आकाराला आला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खोली सरकवणाऱ्या सूत्रधाराच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल. कादंबरीकार वाचकाला असाच हवा तेथे नेतो. त्याला कोणी लबाड म्हणत नाही. शिवाय खेळाडूंचे काय बिघडले? त्यांना उत्तम खोली पाहायला मिळाली आणि सूत्रधाराचे श्रमही वाया गेले नाहीत. ज्या फसवणुकीने कोणाचेच नुकसान होत नाही, तिला फसवणूक म्हणावे तरी कशासाठी?

ह्या युक्तिवादात तथ्य आहे. म्हणून येथे एक भेद करणे अवश्य आहे. खेळाडूंना दोन्ही दारांविषयी काहीच माहिती नसेल आणि त्यांनी सहज म्हणून एक दार उघडले असेल, तर सूत्रधाराने कोणाचीही निवड मोडलेली नाही. त्या दारामागे काय आहे ते अद्याप लिहिलेलेच नव्हते. त्याने ते आता लिहिले. अपुऱ्या जगात असे होणारच. परंतु समजा, खेळाडूंनी दाराला कान लावला, वाटसरूकडे चौकशी केली, आपसांत वाद घातला, आणि डावीकडे राक्षस आहे असे ताडून तो टाळण्यासाठी उजवे दार निवडले. आता सूत्रधाराने राक्षस उजवीकडे आणून बसवला, तर त्याने त्यांची विवेकबुद्धी व्यर्थ ठरवली. 'तुम्ही काय करता?' हा त्याचा प्रश्न म्हणजे एक वचन होते. कादंबरीकार वाचकाला तसे वचन देत नाही. म्हणून त्याचा दाखला येथे लागू पडत नाही. माणसाला निवड दिल्याचे भासवून ती आतल्या आत रद्द करणे हे असत्य होय, मग ती व्यक्ती हसतमुखाने घरी का जाईना.

चाचणीच्या काळात तर हे असत्य दुहेरी ठरते. परीक्षक आपला वेळ आणि प्रामाणिक मत निर्मात्याला देणगी म्हणून देत असतात. जो सूत्रधार फाशाचे दान लपवतो, खोल्या सरकवतो, त्याला आपले जग कोठे कच्चे आहे ते कधीच समजत नाही. कारण प्रत्येक भगदाड त्याने स्वतःच झाकलेले असते. तो मित्रांना फसवतो आणि त्यांच्या देणगीलाही मुकतो. त्यापेक्षा 'ह्या दारापलीकडचे मी अजून रचलेले नाही, थोडा वेळ द्या' असे सरळ सांगणे किती सोपे! अपुरेपणा ही लाजेची गोष्ट नव्हे.

आमच्या परिचयाच्या एका तरुणाने असे एक जग रचले आहे. त्यात त्याने एका बंदराच्या शहराचा तपशीलवार आराखडा केला होता. वाटेवरील कोळीवाड्याचा उल्लेख मात्र एका ओळीत आटोपला होता. पहिल्याच बैठकीत खेळाडू त्या कोळीवाड्यात रमले. मासळी कोण विकत घेतो? पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की लोक खातात काय? सावकाराचे देणे किती? त्याच्यापाशी उत्तरे नव्हती. कोळीवाड्याला आग लावून त्यांना शहराकडे पळवण्याचा मोह झाला, असे त्याने आम्हांस सांगितले. पण त्याने वही मिटली आणि पुढच्या आठवड्यापर्यंत तो कोळीवाडा रचून आणला. शहर वहीत राहिले. त्याच्या ह्या कृतीत आम्हांस मोठा संयम दिसला, कारण आपल्या कल्पनेवरील प्रेमापेक्षा समोरच्या माणसांना त्याने अधिक मान दिला.

ह्या खेळावर १९८० च्या दशकात अमेरिकेतील काही ख्रिस्ती मंडळींनी कडाडून टीका केली. त्यात सैतानपूजा आहे, असा त्यांचा आरोप होता. पालकांची काळजी आम्ही समजू शकतो. परंतु आमच्या मते ह्या खेळातील खरी नैतिक कसोटी त्यातील काल्पनिक राक्षसांपाशी नसून सूत्रधाराच्या हातातील सत्तेपाशी आहे. एका छोट्या जगाची सर्व सूत्रे ज्याच्या हाती आहेत, तो ती कशी वापरतो?

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे कर्ते टॉल्किन हे श्रद्धावान कॅथलिक होते. १९३९ साली परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी मानवी कल्पनेच्या अशा रचनेला 'उपनिर्मिती' ह्या अर्थाचे नाव दिले: माणूस निर्माण करतो, कारण तो निर्मात्याच्या प्रतिरूपात घडलेला आहे. ही गोष्ट खरी मानली तर उपनिर्मात्याने त्या निर्मात्याची रीतही पाहावी. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर पशुपक्ष्यांना आदामाकडे आणतो, तो त्यांना काय नावे देतो हे पाहण्यासाठी. आदामाने दिलेली नावेच कायम झाली. नावे आधीच ठरवून आदामाच्या तोंडून वदवून घेतली, असे तेथे म्हटलेले नाही. अर्थात ही तुलना एका मर्यादेपर्यंतच चालते. परमेश्वराला आपल्या सृष्टीतील उणिवा शोधायच्या नव्हत्या. माणसाला त्या शोधाव्याच लागतात. म्हणून माणसाने तर अधिकच नम्र असावे.

दोन दारांचा हा प्रश्न खेळापुरताच आहे काय, ह्याचा विचार वाचकांनी करावा. बारावीच्या निकालानंतर 'तुला काय शिकायचे आहे?' असे मुलाला विचारणाऱ्या आईबापांनी उत्तर आधीच ठरवलेले नसते काय? संस्थेच्या बैठकीत सभासदांचे मत मागवले जाते, तेव्हा ठराव कधी कधी टंकलिखित होऊन खणात पडलेला नसतो काय? जेथे निर्णय आपणच घ्यायचा आहे तेथे तसे स्पष्ट सांगावे. त्यात अधर्म नाही. बाप कधी कधी म्हणू शकतो, 'येथे एकच दार आहे'. परंतु दुसरे दार दाखवलेच, तर त्याच्यामागे दुसरी खोली असली पाहिजे. ती तयार नसेल, तर आत येणाऱ्याला थोडे थांबवून, त्याच्या मदतीने ती बांधायला घ्यावी.