कर्ता नसलेली धमकी : बहिष्कार आणि कायदा

दुकानदाराने कोणाला माल विकावा, शेतकऱ्याने कोणाला मजुरीस बोलवावे, शेजाऱ्याने कोणाशी बोलावे, हे सामान्यतः ज्याचे त्याने ठरवायचे असते. यांतील एकेक नकार सुटा पाहिला तर त्यात गुन्हा दिसत नाही. परंतु जालना जिल्ह्यातील एखाद्या कोरडवाहू गावात गायरान कसणाऱ्या दलित कुटुंबाच्या वाट्याला हे सारे नकार एकदमच आले, तर त्यांची बेरीज धमकी होते. ‘वाळीत टाकणे’ या वाक्प्रचारात मराठी भाषकाने ही बेरीज केव्हाच करून ठेवली आहे.

या धमकीचे व्याकरण लक्षणीय आहे. ‘दळण मिळणार नाही’, ‘काम नाही’ : वाक्यातून कर्ता लोपलेला असतो. उच्चार हीच कृती असते, असे जे. एल. ऑस्टिन यांनी दाखविले. बहिष्कारात मौनही कृती ठरते. फौजदारी कायद्याला मात्र कर्ता आणि हेतू लागतो. पेच येथे आहे.

डॉ. आंबेडकरांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ (१९४७) मध्ये बहिष्कार हा गुन्हा मानावा, अशी मागणी केली होती. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने हक्क बजावल्याबद्दल घातलेला बहिष्कार दंडनीय ठरविला. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्काराची स्वतंत्र व्याख्या केली. महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा एकाच समाजातील सदस्याने दुसऱ्या सदस्यावर घातलेल्या बहिष्काराचा आहे. त्याचा रोख जातपंचायतीकडे आहे. म्हणजे वर उल्लेखिलेल्या कुटुंबाचा आधार मुख्यतः आधीच्या दोन कायद्यांतच शोधावा लागतो.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. नकार हे दुर्बलांचेही शस्त्र आहे. १८९० साली मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला, तो अन्याय्य कसा म्हणावा? आणि दलिताचे केस कापण्यास दिलेला नकार न्याय्य कसा म्हणावा? बाह्य कृती एकच आहे. परंतु पहिला नकार एका प्रथेला होता. दुसरा माणसालाच आहे. पहिल्याने विधवेची वाट मोकळी होत होती; दुसरा इतर नकारांशी संगनमत करून सर्व वाटा बंद करतो आणि हक्क बजावल्याची शिक्षा देतो. तेव्हा कायद्याने सुटी कृती न वाचता संगनमत, निमित्त आणि परिणाम एकत्र वाचावेत. एका ओळीवरून कवितेचा अर्थ न लावणाऱ्या समीक्षकाला ही वाचनपद्धती परकी नाही.

तरीही साक्षीदार त्याच गावात राहतो, आणि त्यालाही त्याच गिरणीवर जावे लागते. बहिष्काराचे बळ परावलंबनात आहे. म्हणून शिक्षेच्या कलमाइतकाच गायरानाचा सातबारा, स्वतंत्र पाणी आणि गावाबाहेरचा रोजगार हाही संरक्षणाचा भाग मानला पाहिजे. त्यांच्याअभावी कायदा गुन्हा ओळखेल. परंतु तक्रार देण्याचे धैर्य कोठून आणावयाचे, हा प्रश्न त्या कुटुंबावरच राहील.