पुन्हा तीच प्रार्थना

आजचं वचन : मत्तय २६:३६-४६



गेथशेमानेचा हा भाग आपण गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी वाचतो. प्याला, झोपलेले शिष्य, मग मशाली आणि यहूदा... एवढ्या सगळ्यात ४४ वं वचन सहज निसटून जातं. मत्तय तिथे सांगतो, येशू तिसऱ्यांदा गेला आणि त्याने पुन्हा त्याच शब्दांत प्रार्थना केली. मार्कनेही (१४:३९) दुसऱ्या वेळेबद्दल हेच नोंदवलंय. डोंगरावरचं प्रवचन ज्याने दिलं त्याच्याकडे त्या रात्री नवीन शब्द नव्हते. तेच होते.

आमच्या तरुण संघाच्या शनिवारच्या ऑनलाइन प्रार्थनेत एक ताई असतात. त्यांची आई बरीच वर्षं डायलिसिसवर आहे. प्रार्थनेचे विषय विचारले की बाकीचे सांगतात, इंटरव्ह्यू आहे, व्हिसाचं काम आहे, परीक्षा आहे. ताईंची पाळी आली की त्या म्हणतात, "माझं तेच." आणि थोडं हसतात, जणू काही माफी मागतायत. आपल्यातल्या कितीतरी जणांचं एक "तेच" असतं. भावाची दारू. मूल. वडिलांशी तुटलेलं बोलणं. काही दिवसांनी ते उच्चारायचीच लाज वाटायला लागते. आमच्या कामात एकच तक्रार दुसऱ्यांदा आली की त्यावर 'डुप्लिकेट' लिहून ती बंद करतात. देवही आपल्या प्रार्थनेचं तेच करत असेल असं मनात येतं.

त्यात कोणीतरी मत्तय ६:७ दाखवतं. निरर्थक बडबड करू नका असं येशूनेच शिकवलं ना? शिकवलं. पण का, ते त्याच वचनात आहे. परराष्ट्रीयांना वाटायचं की खूप बोललं म्हणजे ऐकलं जातं. म्हणजे देव ऐकायला तयार नाही आणि शब्दांच्या जोरावर त्याला भाग पाडायचं. सर्व्हरवर रिक्वेस्टमागून रिक्वेस्ट मारत राहायची, कधीतरी दार उघडेल म्हणून! पुढच्याच वचनात येशू सांगतो, तुम्ही मागण्याआधीच पित्याला तुमची गरज ठाऊक आहे. आणि लगेच जी प्रार्थना शिकवतो ती आपण लहानपणापासून दर रविवारी जशीच्या तशी म्हणतो. १३६ वं स्तोत्र उघडा. २६ वचनं, आणि प्रत्येकाचा शेवट एकच. तेव्हा दोष पुन्हा म्हणण्यात नाही. आपण कोणाशी बोलतोय हे विसरण्यात आहे.

आता जरा बारकाईने ३९ वं आणि ४२ वं वचन शेजारी ठेवून वाचा. पहिल्यांदा येशू म्हणतो, शक्य असेल तर हा प्याला टळो. दुसऱ्यांदा, प्यायल्याशिवाय टळत नसेल तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मागणं तेच, बाप तोच, पण मागणारा थोडा पुढे सरकलाय. हे एका दमात झालेलं नाही. पुत्रालाही तिथे पुन्हा पुन्हा जावं लागलं.

आणि प्याला टळला नाही. लूक सांगतो (२२:४३-४४) की स्वर्गातून दूत येऊन त्याला शक्ती देत होता, आणि त्यानंतरच तो अधिक कळकळीने प्रार्थना करू लागला, तेव्हा तो घाम. शक्ती मिळाली, वेदना कमी झाली नाही. इब्री ५:७ तर आणखी अवघड आहे. मरणातून सोडवू शकणाऱ्याकडे त्याने रडून प्रार्थना केली आणि त्याचं ऐकण्यात आलं, असं तिथे लिहिलंय. ऐकण्यात आलं! तरी दुसऱ्या दिवशी वधस्तंभ होताच. उत्तर मरणाच्या अलीकडे आलं नाही, पलीकडे आलं, तिसऱ्या दिवशी.

म्हणून एक गोष्ट मला स्पष्ट बोलायचीय. आजारी माणसाच्या घरच्यांना "विश्वास कमी पडला" असं म्हणणं बंद करूया. गेथशेमानेत कोणाचा विश्वास कमी पडला होता? पौलानेही शरीरातल्या काट्याविषयी तीनदा विनंती केली (२ करिंथ १२:८-९) आणि मग थांबला, पण त्याला थांबवलं ते प्रभूच्या उत्तराने. मंडळीतल्या कंटाळलेल्या लोकांनी नव्हे.

१९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंबरोबर कितीतरी मुली-बायका रोज जमून एकाच गोष्टीसाठी, आत्म्याच्या संजीवनासाठी, प्रार्थना करत होत्या. त्यांना त्याच वर्षी उत्तर दिसलं. काहींना इतक्या लवकर दिसत नाही. पण त्या रोज एकत्र जमत होत्या, हे मला महत्त्वाचं वाटतं. येशूनेही ३८ व्या वचनात पेत्र, याकोब, योहान यांना एवढंच मागितलं की माझ्याबरोबर जागे राहा.

या आठवड्यात करून बघा. तुमचं "तेच" एका वाक्यात लिहा आणि रोज ठरलेल्या वेळी, मेट्रोत का होईना, त्याच शब्दांत पित्याला सांगा. सजवू नका. आणि ग्रुपवर कोणी "माझं तेच" लिहिलं तर नुसते हात जोडलेले टाकून पुढे जाऊ नका. फोन करा, त्या माणसाचं नाव विचारा, आणि ते नाव घेऊन त्यांच्याबरोबर मोठ्याने प्रार्थना करा. दोन मिनिटं लागतात.

प्रार्थना : अब्बा, बापा, आज पुन्हा तेच घेऊन आलोय. तुला ते ठाऊक आहे. जे कोणी आज रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून तुला तेच सांगतायत, त्यांच्याबरोबर आम्हाला जागं ठेव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.